सेरिफोसला केव्हा जावे?



या व्यासपीठावर आजवर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत बहुतेक सर्व विषय होऊन गेले आहेत. यंदा चालकांना प्रवासावर एक व्याख्यान हवे होते आणि त्यांनी गाठले आम्हांला. विषय ठरला तो ग्रीसच्या बेटावर केव्हा जावे हा. आमच्या युनियनच्या कचेरीत ही बातमी पोहोचली तेव्हा तिथे पुष्कळ हशा झाला. एक जुना सहकारी म्हणाला, "दादा, मोर्चाच्या दिवशी आम्ही गावी जातो म्हटले तर तुम्ही डोळे वटारता, आणि आता लोकांना ग्रीसला धाडायला निघालात!" त्याचे म्हणणे खरे आहे. प्रवास हा आमचा प्रांत नव्हे. पण त्या मुलखातल्या एका बेटावर आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेस चुकीच्या दिवसांत आणि दुसऱ्या खेपेस बऱ्या दिवसांत. पहिल्या खेपेस आमच्या पदरी काय पडले ते सांगितले, तर आपल्यापैकी कोणाचे पैसे वाचतील, कोणाचे पाय वाचतील. हल्ली आपल्याकडूनही लोक तिकडे जातात, वर्तमानपत्रांत जाहिराती असतात, तेव्हा विषय अगदीच हवेतला नाही.

आधी बेट कोणते ते सांगतो. ग्रीसच्या पूर्वेस एजियन समुद्र आहे. त्यात देलोस नावाच्या पवित्र बेटाभोवती कडे करून बसल्यासारखी जी बेटे आहेत त्यांना सायक्लाडीज म्हणतात. नावातच वर्तुळाचा अर्थ आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस ही त्यांतली जगप्रसिद्ध. आमचे सेरिफोस पश्चिमेकडच्या रांगेतले, सुमारे पाऊणशे चौरस किलोमीटरचे, दीड हजाराच्या आत वस्तीचे. तिथे विमानतळ नाही. अथेन्सच्या पिरिअस बंदरातून बोटीने जायचे. जलद बोट अडीच-तीन तासांत नेते, संथ बोटीला साडेचार-पाच तास लागतात. धक्क्यावर उतरून मान वर केली की उघड्या डोंगराच्या माथ्यावर चुन्याने पांढरी केलेली घरे दिसतात. ती खोरा, म्हणजे मुख्य वस्ती. पुराणकथेत दानाई आणि तिचा तान्हा पर्सिअस यांना पेटीत घालून समुद्रात सोडले, ती पेटी याच किनाऱ्याला लागली. आपल्याला कर्णाची पेटी आठवली असेल, आम्हांलाही आठवली. पुढे रोमन लोक नकोशा माणसांना इथे हद्दपार करीत. इथले बेडूक मुके असतात असेही जुने लेखक लिहून गेले आहेत. आम्हांला एकही बेडूक भेटला नाही, त्यामुळे त्याची शहानिशा झाली नाही.

आता आम्हांला हे बेट कसे ठाऊक झाले? आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणीचे दार लागले ते त्यांच्यापुरते कायमचे लागले. पुढे आम्ही गोदीत लागलो, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनात एकदा सेरिफोसचे नाव भेटले. या बेटावर लोखंडाच्या खाणी होत्या. एका जर्मन कुटुंबाची कंपनी त्या चालवीत होती. कामाला घड्याळ नव्हते. खाण अंगावर कोसळून माणसे मरत, त्याचा जाब कोणी देत नसे. १९१६ साली कॉन्स्टॅन्टिनोस स्पेरास नावाच्या, याच बेटावर जन्मलेल्या तरुणाने खाण कामगारांची संघटना बांधली आणि ऑगस्टमध्ये संप झाला. मेगालो लिवादी या धक्क्यावर खनिज भरून घ्यायला जहाज आले होते. कामगारांनी ते भरू दिले नाही. २१ ऑगस्टला सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला आणि चार कामगार ठार झाले. मग कामगार आणि त्यांच्या बायका दगड घेऊन पोलिसांवर धावून गेल्या. पोलिसांच्या बाजूनेही माणसे पडली, त्यांत त्यांचा अधिकारी होता. स्पेरासला तुरुंग घडला. पण कामाच्या स्थितीत सुधारणा कंपनीला कराव्या लागल्या, आणि आठ तासांच्या दिवसासाठी ग्रीसमध्ये जी झुंज झाली तिच्यात सेरिफोसचे नाव अग्रभागी लिहिले गेले. उद्योगांतील कामाच्या तासांचा आंतरराष्ट्रीय करार ग्रीसने १९२० साली स्वीकारला, हिंदुस्थानने त्याच्या पुढच्याच वर्षी, अर्थात आपल्यापुरत्या सवलती काढून घेऊन.

खाणी पुढे १९६० च्या दशकात बंद पडल्या. धक्क्याचा गंजलेला सांगाडा, कंपनीच्या कचेरीची पडकी इमारत आणि त्या चौघांचे स्मारक तिथे उभे आहे, एवढे आम्ही वाचले होते. ते स्मारक पाहावे ही इच्छा कित्येक वर्षे मनात होती.

२०१९ साली योग आला. गोदी कामगारांच्या एका बैठकीसाठी अथेन्सला जायचे होते आणि बैठक नेमकी ऑगस्टमध्ये होती. आम्ही मनात म्हटले, २१ ऑगस्टलाच स्मारकापाशी उभे राहू. तारीख पाहिली, ऋतू पाहिला नाही! त्यातही गंमत अशी की १९१६ साली ग्रीसमध्ये जुने पंचांग चालू होते. त्यांची २१ ऑगस्ट म्हणजे आजची ३ सप्टेंबर. म्हणजे ज्या तारखेसाठी एवढा आटापिटा केला ती तारीखही तेरा दिवसांनी चुकलेली होती. हे आम्हांला परत आल्यावर कळले.

पिरिअसच्या बंदरात पोहोचलो तो आकाश लख्ख निळे, ढगाचा ठिपका नाही, आणि बोटी बंद! आपल्याकडे बोटी पावसाळ्यात बंद होतात, आभाळ भरून येते, सर्वांना दिसते. तिथे निरभ्र आकाशाखाली समुद्र उसळलेला असतो. हा मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा. जुने ग्रीक त्याला दरसालचे वारे म्हणत, कारण तो वर्षानुवर्षे त्याच दिवसांत येतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत त्याचा जोर. वाऱ्याने ठराविक मर्यादा ओलांडली की बंदर अधिकारी बोटी सोडू देत नाहीत, आणि जलद बोटी आधी अडकतात. या वाऱ्याचे आपल्याशी नाते आहे हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. आपला मान्सून चालू असताना दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा असतो, त्याचे टोक पश्चिमेकडे थेट तुर्कस्तानपर्यंत पोहोचते. तिकडे बाल्कन देशांवर दाब जास्त असतो. या दोहोंमधून वारा खाली एजियनवर धावतो. म्हणजे इकडे पेरण्या होतात, नद्या भरतात, त्याच सुमारास तिकडे बोटी बंदरात डोलत राहतात. आम्ही आपला मान्सून मागे टाकून गेलो असे समजत होतो आणि त्याचेच शेपूट पिरिअसला आमच्या पायांत आले.

एक रात्र धक्क्यावरच्या बाकावर काढली. २१ तारीख तिथेच उजाडली आणि मावळली. दुसऱ्या दिवशी मोठी बोट सुटली. ती इतकी भरलेली की आम्हांला लोकलची आठवण झाली. १५ ऑगस्ट हा त्यांचा मरियेचा मोठा सण; त्या आठवड्याच्या आगेमागे अथेन्स रिकामे होते आणि सारे शहर बेटांवर जाते. जागा मिळाली ती एका खाणावळीच्या मागच्या खोलीत, आमच्या ऐपतीच्या दुप्पट भाड्याने.

मेगालो लिवादी बंदरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. मिळेल त्या गाडीची वाट पाहत अकरा वाजले, मग आम्ही चालतच निघालो. गोदीत घाम गाळलेला माणूस, ऊन आम्हांला काय करणार, हा ताठा. वाटेत एक झाड नाही. डोंगर तपकिरी, खडक तापलेले, आणि वारा असा की घाम अंगावर दिसतच नाही. माणसाला वाटते आपण गार आहोत. तासाभरात डोळ्यांपुढे अंधारी आली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या छोट्या मालगाडीत घालून आम्हांला बंदरावर परत आणून टाकले आणि वाटेत ग्रीक भाषेत जे काही ऐकवले त्याचा अर्थ भाषा न येताही समजला. हा प्रकार चेष्टेवारी नेण्याचा नाही. २०२४ च्या जूनमध्ये, उन्हाच्या लाटेत, बेटांवर एकटे चालायला गेलेले अनेक परदेशी पाहुणे दगावले. सिमी बेटावर एक नामवंत ब्रिटिश डॉक्टर भर दुपारी पायी निघाला आणि काही दिवसांनी त्याचे प्रेत सापडले. २०२३ च्या जुलैत अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरील पहारेकऱ्यांनी उन्हापायी रोज चार तास काम बंद ठेवले होते. उघड्यावरची कामे भर दुपारी थांबवा, असे हुकूम तिथले सरकार अलीकडे लाटेच्या दिवसांत काढते.

त्या खाणावळीत खोल्या झाडायला एक बाई होती. चाळिशीची, बेटावरची नव्हे, उत्तरेकडल्या कुठल्याशा गावाहून हंगामापुरती आलेली. तिला मोडके इंग्रजी येई, आम्हांलाही तेवढेच. आम्ही दिवसभर अंथरुणावर पडलेले पाहून तिने लिंबू आणि मीठ आणून दिले. बोलता बोलता आम्ही विचारले, समुद्र कसा आहे? ती म्हणाली, मे महिन्यापासून इथे आहे, पाण्यात एकदाही पाय घातलेला नाही. आठवड्याची सुटी कागदावर होती. हे ऐकून आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी १८९० साली मिळाली, आणि ही बाई २०१९ साली आम्हांला सांगत होती की तिचा रविवार भाड्याच्या खोल्यांत जातो.

पण तिची खरी काळजी वेगळीच होती. ती बोटांवर दिवस मोजत होती. तिथे हंगामी कामगाराच्या विम्याच्या हजेऱ्या लागतात. त्या ठराविक संख्येने भरल्या तरच हिवाळ्यात बेकारभत्ता मिळतो, आणि तोही थोडे महिने. सप्टेंबरच्या मध्यालाच मालकाने दार लावले तर तिच्या हजेऱ्या कमी पडणार होत्या. ऑक्टोबरमध्ये माणसे आली तर भरणार होत्या. आपल्याकडे ज्या बदली कामगाराने २४० दिवसांचा हिशेब केला आहे आणि २३० व्या दिवशी ज्याला घरी बसवले आहे, त्याला हे समजावून सांगण्याची जरूर नाही. आम्ही ऑगस्टमध्ये येऊन त्या बाईच्या कामात भर घातली होती, आणि तिच्या हिशेबात काहीच घातले नव्हते. ज्या दिवसांत तिला श्वास घ्यायला फुरसत नाही त्या दिवसांत आम्ही गेलो; ज्या दिवसांत आमच्या येण्याने तिची एक हजेरी लागली असती त्या दिवसांत आम्ही इकडे होतो.

स्मारक न पाहताच परतलो.

घरी आल्यावर आम्ही जरा अभ्यास केला. आमची सवयच आहे, हरलेल्या लढ्यानंतर पुस्तके काढायची. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हेसिअड नावाचा शेतकरी कवी होऊन गेला. त्याने आपल्या काव्यात समुद्रावर केव्हा जावे हे सांगितले आहे. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस होऊन गेल्यावर पन्नास दिवसांचा हिशेब तो धरतो. वसंतातली आणखी एक सफर तो सांगतो: अंजिराच्या शेंड्याचे पान कावळ्याच्या पावलाएवढे झाले की. ती त्याला पसंत नाही, धोक्याची वाटते. पण लोक पैशापायी जातातच, असे तो कुरकुरतो. त्याच्याजवळ शीड होते, आपल्याजवळ यंत्राची बोट आहे. तेव्हा हेसिअडची क्षमा मागून आम्ही कावळ्याच्या पावलाच्या बाजूने आहोत.

त्या बेटांवर वर्षाला पाऊस पडतो तो सुमारे साडेतीनशे-चारशे मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा हिवाळ्यात. म्हणजे हिरवळ हिवाळ्यात उगवते, मार्च ते मे फुलांवर येते आणि जूनअखेर करपते. आपल्या उलट. जाहिरातीतले पांढरे घर आणि निळा समुद्र बाराही महिने आहे, पण डोंगर पाहायचा तर वसंतात. हिवाळ्यात बोटी मोजक्या, बहुतेक खाणावळी बंद, गारठा बोचरा. तरी जानेवारीत काही शांत उबदार दिवस येतात. खंड्या पक्षी अंडी घालतो म्हणून देव समुद्र थोपवून धरतात अशी कथा त्या दिवसांची आहे. ज्याला कॉफीच्या दुकानात बेटावरच्याच माणसांत बसायचे आहे त्याने तेव्हा जावे. पाण्यात डुंबायचे असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. वारा पडलेला असतो आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र लवकर निवत नाही. मेमध्ये पाणी थंड असते, हे आम्ही लपवणार नाही.

ऑगस्टमध्ये जाऊच नये असे आम्ही सर्वांनाच सांगतो असे समजू नका. अथेन्सच्या कामगाराची मुले तेव्हा घरी असतात, त्याची हक्काची रजा तेव्हा असते, त्याची म्हातारी आई बेटावर वाट पाहत असते. ऑगस्ट त्याचा आहे, त्याला सोडावा. आपल्यावर ऑगस्टची सक्ती नाही. आपल्या शाळांची सुटी मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे तिथल्या उत्तम दिवसांत. दिवाळी लवकर आली तर तीही जमते. असा योग किती देशांच्या वाट्याला येतो? आणि सँटोरिनीचे म्हणाल तर तिथे गर्दीने असा कळस गाठला की मोठ्या पर्यटक जहाजांवर रोज आठ हजार माणसांची मर्यादा घालावी लागली, आणि २०२५ च्या जुलैपासून भर हंगामात माणशी वीस युरो कर बसला. शिक्षकांना आणि डॉक्टरांना तिथे राहायला घर मिळेना, कारण घर पाहुण्याला देणे किफायतीचे. तिकडे जायचे झाले तर हे सारे दुप्पट लागू.

दुसरी खेप २०२३ च्या एप्रिलअखेर. मुलगी युरोपात नोकरीला आहे, तिने तिकीट काढून दिले. त्यांचे ईस्टर त्या वर्षी १६ एप्रिलला होऊन गेले होते. ईस्टरच्या आठवड्यात पुन्हा अथेन्स रिकामे होते, तेव्हा तो आठवडा टाळावा किंवा मुद्दाम त्यासाठीच जावे, मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन निघणारे लोक पाहायला. बोटीत जागाच जागा. बंदरावर जिकडे तिकडे चुन्याच्या बादल्या आणि रंगाचे डबे. आपल्याकडे दसऱ्याआधी असते तशी घराघरांत सफेदी चाललेली. ती जुनी खाणावळ उघडत होती. ती बाई नव्हती. तिच्याबद्दल मालकाला काही सांगता आले नाही.

सकाळी सातला निघालो आणि या वेळी चालत पोहोचलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना तांबडी खसखशीची फुले, पिवळी रानफुले, दगडी बांधांमधून पाझरणारे पाणी. खाणींच्या तोंडाशी गंजाने लाल झालेली माती. धक्क्याचा सांगाडा समुद्रात पुढे झुकलेला आहे. ज्या जहाजासाठी तो बांधला ते येऊन गेल्याला आता कित्येक दशके झाली. स्मारक लहान आहे. आम्ही टोपी काढून उभे राहिलो. शेजारी एक कोळी जाळे दुरुस्त करीत होता, त्याने मान हलवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. तिथे आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. त्या दिवशी आमच्या मनात काय आले असेल ते आपण जाणालच. पण पुढे जे घडले ते तेव्हा आले नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, दोन सार्वत्रिक संप झाले असताना, त्याच देशाच्या संसदेने एका मालकाकडे काही दिवस तेरा-तेरा तास काम घेण्याची मुभा देणारा कायदा संमत केला. आपण हसू नये. त्याच्या महिनाभर आधी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली होती.

परतीचे तिकीट १ मे रोजी सकाळचे होते. धक्क्यावर गेलो तर शुकशुकाट. घरांच्या दारांवर रानफुलांची कडी टांगलेली, ती त्यांची मे महिन्याची रीत. बोट नाही. तिकिटाच्या खिडकीत एक तरुण होता, तो म्हणाला, आज खलाशांचा संप, मे दिन आहे, उद्या या. आयुष्यभर आम्ही लोकांच्या गाड्या अडवल्या, आणि १ मे ला बोटी बंद असतील हे आमच्या डोक्यात आले नाही! आम्ही खिडकीतून हात घालून त्याचा हात जोरात हलवला. तो घाबरला. असा खूश झालेला प्रवासी त्याने त्या दिवशी दुसरा पाहिला नसावा. अथेन्सचे विमान चुकले, मुलीचे पैसे बुडाले, तिने फोनवर जे सुनावले ते इथे सांगत नाही.

तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जावे, किंवा सप्टेंबर अखेरीस. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो मार्च उजाडण्यापूर्वी करून टाकावा. विमानाच्या आधी एक दिवस अथेन्सला येऊन राहावे, बोटीचा भरवसा धरू नये. संध्याकाळी वाऱ्याला स्वेटर लागतो. आणि १ मे चे बोटीचे तिकीट काढू नये.